तेविसावं काम

आमच्या न्हाणीघराचा नळ सहा वर्षं गळत होता. सहा म्हणजे सहा, वाढवून सांगत नाही. नळाखाली ठेवलेली बादली तळाशी फुटली, दुसरी आणली, तिचाही कान तुटला, पण नळ आपला तसाच. आणि घरात माणूस कोण? एसटीच्या डेपोत तेहेतीस वर्षं गाड्या दुरुस्त केलेला मेकॅनिक! डिझेलच्या गाड्या गेल्या, बॅटरीच्या आल्या, तेव्हा पन्नाशी उलटलेल्या ह्या माणसाने ते सगळं नव्याने शिकून घेतलं. ह्यांच्या हातून गाडी कधी पाच मिनिटं उशिरा सुटली नाही. घरी आले की मात्र एकच शब्द. "बघू."

मी उज्ज्वला शिवलकर. आमच्या कातळोशीच्या हायस्कुलात प्रयोगशाळा सांभाळते. एकतीस वर्षं झाली, येत्या मार्चात निवृत्त होईन. ह्यांचं नाव दत्ताराम, ते दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाले. नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून कुणी दचकू नका, गोष्ट सांगायची तर नाव लागतंच.

यंदा आषाढात आरोग्य केंद्राच्या फलकावर एक सूचना लागली. कामं पुढे ढकलायची सवय असलेली पन्नास माणसं हवीत, एका नव्या यंत्राची चाचणी घ्यायची आहे. मी ती वाचली आणि तिथल्या तिथे ह्यांचं नाव देऊन आले. घरी विचारलंच नाही. विचारलं असतं तर काय म्हणाले असते ते तुम्हालाही कळलं असेल.

चार दिवसांनी डॉक्टर फरझाना मुकादम घरी आल्या. रत्नागिरीच्याच, चाळिशीच्या आतल्या, बोलायला गोड पण नजर अशी की काही लपत नाही. पडवीत बसून त्यांनी ह्यांना विचारलं, "काका, तुमची संमती आहे ना? नसेल तर मी चहा घेऊन जाते."

"बघू," हे म्हणाले.

बाईंनी हसून वहीत काहीतरी टिपलं. म्हणाल्या, "पहिली नोंद झाली."

मग त्यांनी पिशवीतून एक चकती काढली. शर्टाच्या बटणाएवढी, त्वचेच्या रंगाची. कानाच्या मागे चिकटवायची. "काका, तुम्ही आळशी नाही," असं म्हणून त्यांनी सुरुवात केली.

"ऐकलंस?" हे माझ्याकडे बघून म्हणाले.

"पुढचं ऐका आधी," मी म्हटलं.

"काम समोर आलं," बाई सांगू लागल्या, "की कपाळाच्या मागे मेंदूचा एक भाग तराजू धरतो. एका पारड्यात आत्ताचा त्रास, दुसऱ्या पारड्यात नंतरचा फायदा. त्रास जवळ असतो म्हणून मोठा वाटतो, फायदा लांब असतो म्हणून बारीक वाटतो. त्रासाचं पारडं खाली गेलं की मेंदूत एक ठरावीक लहर उठते. लहर उठल्यावर अर्ध्या सेकंदाने माणूस म्हणतो..."

"बघू!" मी म्हटलं.

"बरोबर. ती लहर ही चकती ऐकते, आणि कानामागून जाणाऱ्या एका नसेला अगदी हलकी गुदगुली करते. त्या नसेचा दुसरा शेवट मेंदूच्या देठाशी आहे. तिथून एक रसायन सुटतं आणि दोन मिनिटं, फक्त दोनच मिनिटं, त्रास जरा कमी वाटतो. तेवढ्यात माणूस उठतो, हातात पाना घेतो. एकदा पाना हातात आला की पुढे चकती लागत नाही. काम सुरू करणं जड असतं, चालू ठेवणं तेवढं जड नसतं."

हे चकती उलटसुलट करून बघत होते. यंत्र म्हटलं की ह्यांचे डोळे चमकतात. "आणि हिला कळणार कसं, कुठल्या कामाची लहर ते?"

"तुम्ही यादी करायची आणि चकती लावून एकदा मोठ्याने वाचायची. प्रत्येक कामाला तुमचा मेंदू कसा हलतो ते ती लक्षात ठेवते. मात्र यादी ज्याची त्यानेच करायची हं काका, आणि आजच करा."

"करतो उद्या," हे म्हणाले.

झालं! उद्याचा परवा झाला, परवाचा आठवडा. शेवटी मीच वही घेऊन बसले आणि यादी केली. नवऱ्याची कामं बायकोपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? न्हाणीघराचा नळ. माडीवरच्या टेबलावरचे गाड्यांचे सुटे भाग उचलणे. स्कूटरची बॅटरी बदलणे. पत्र्याची भोकं. मायक्रोस्कोपचा स्क्रू. लिहिता लिहिता हात थांबेचना, एकतीस कामं झाली. त्यात तेविसावं लिहिलं, 'सड्यावरच्या गेंदाचं बघणे.' लिहिताना मला काही वेगळं वाटलं नाही, हे आईच्या शपथेवर सांगते. ह्यांनी चकती लावली, यादी एका दमात वाचून काढली आणि चहा मागितला.

आता गेंदाचं सांगायला हवं.

आमच्या गावाच्या डोक्यावर कातळाचा सडा आहे. उन्हाळ्यात नुसता काळा दगड. पावसात मात्र कातळाच्या खळग्यांत पाणी साठतं आणि श्रावणापासून तिथे इतकी बारीक बारीक फुलं येतात की पाय ठेवायला जागा नसते. गेंद त्यातलाच. दोन बोटं उंचीची काडी आणि टोकाला पांढरं बोंड. असे गेंद सगळ्या सड्यांवर आहेत. पण अकरा वर्षांपूर्वी सड्याच्या उत्तर टोकाला, एका लांबट डबक्यात, मला एक वेगळा गेंद दिसला. बोंड राखाडी, आणि फूल झालं की मान वाकवून ते पाण्याला टेकतं. मी पुष्कळ पुस्तकं पालथी घातली, तसा गेंद कुठे मिळाला नाही. तेव्हापासून दर वर्षी मी जाते, रोपं मोजते, पहिलं फूल कधी आलं, शेवटचं कधी वाकलं, वहीत लिहिते. खरं काय ते कळायचं तर त्याचं बी मायक्रोस्कोपखाली बघायला हवं, चित्र काढायला हवं आणि जाणकाराला एक पत्र पाठवायला हवं. एवढंच काम. अकरा वर्षं राहिलं.

का राहिलं? कारण तयार होतं ना! शाळेने टाकून दिलेला मायक्रोस्कोप मी घरी आणला होता, त्याचा स्क्रू तुटला होता आणि हे तो दुरुस्त करत नव्हते. माडीवरच्या टेबलावर ह्यांचे गिअर आणि बेअरिंगं. सड्यावर न्यायला स्कूटर बंद. मुख्याध्यापकांनी विचारलं की मी सांगायची, "काय करू सर, आमच्या ह्यांच्यामुळे अडलंय." शेजारणीला सांगायची. माहेरी सांगायची. सगळे म्हणायचे, बिचारी उज्ज्वला.

आणि यंदा श्रावणात ग्रामपंचायतीची नोटीस आली. सड्यावर सौरपट्ट्या बसवायचा प्रकल्प येणार, उत्तर टोकापासून सपाटीकरण सुरू होणार. कुणाची हरकत असेल तर पुराव्यासह तीस सप्टेंबरपर्यंत द्यावी. प्रकल्प वाईट नव्हता, गावाला वीज हवीच होती. पण सपाटीकरण म्हणजे माझं डबकं गेलं. नोटीस वाचून मी घरी आले आणि ह्यांच्यावर भडकले. म्हटलं, "बघा, तुमच्या बघू-बघूने काय केलं ते!"

पण ह्यांचं बघू-बघू तर तोवर बंद झालं होतं. टिकली लागल्यापासून, आम्ही त्या चकतीला टिकलीच म्हणायचो, ह्यांचा अवतारच बदलला होता. पहिल्या दिवशी नळ. दहा मिनिटांचं काम निघालं ते. सहा वर्षं आणि दहा मिनिटं! न्हाणीघराच्या दारात उभी राहून मला हसू की रडू असं झालं. मग पत्रा. मग विहिरीचा रहाट. कधी कधी मी बघायची, हे खुर्चीत पसरायला लागले की कानामागे बोट न्यायचे, जरा खाजवायचे आणि उठायचे. "मला काही होत नाही गं," म्हणायचे. "नुसतं वाटतं की एवढं काय त्यात, करून टाकू." शेजारचे लोक बघायला यायचे. एकाने तर स्वतःचा मिक्सर आणून दिला. तोही दुरुस्त झाला.

मी खूश व्हायला हवं होतं, नाही का? पहिला आठवडा होतेही. मग मला चिडचिड व्हायला लागली. घरात ओरडायला काही राहिलंच नाही. एके दिवशी शाळेतून आले तर माडीवरचं टेबल रिकामं, पुसलेलं, खिडकीशी ओढलेलं. दुसऱ्या दिवशी अंगणात स्कूटर घुं घुं करत उभी. गणपतीच्या आधी ह्यांनी मायक्रोस्कोप माझ्यासमोर ठेवला. नवा स्क्रू डेपोतल्या लेथवर स्वतः कातून आणला होता. "बघ," म्हणाले.

मी म्हटलं, "आता गणपतीचं बघू की हे?"

गणपती झाले. मग म्हटलं, माळ्यावरची भांडी खाली काढा, कळकली असतील. ह्यांनी काढली. म्हटलं, परसाच्या कुंपणाची वई बांधा. बांधली. मी कामं शोधत होते हो, सरळ सांगते. सप्टेंबरची पंधरा तारीख उलटली होती.

अठराला डॉक्टर मुकादम आढाव्याला आल्या. पडवीतल्या बाकावर त्यांनी आपला पडदा उभा केला. त्यावर एकतीस ओळी. तीस कामांपुढे लहरींचे उंच डोंगर, मग उतरत उतरत सपाट झालेले. बाई खुशीत होत्या. "काका, पन्नास जणांत तुमचा निकाल सगळ्यात चांगला. फक्त हे एक काम मला समजत नाही. तेविसावं."

तेविसाव्यापुढे पहिल्या दिवसापासून सरळ रेघ होती.

"यंत्र बिघडलं असेल," मी पटकन म्हटलं.

"काका, हे गेंदाचं काम तुम्ही का टाळता?"

"मी?" हे गोंधळले. "ते काम काय आहे तेच मला नीट माहीत नाही."

"तुमच्याच यादीत आहे."

"यादी हिने केली."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सावकाश बोलल्या. "जे काम आपलं नसतं ना, त्याचा आपल्याला त्रासही नसतो आणि ते टाळावंसंही वाटत नाही. मेंदू गप्प राहतो. यंत्र ठीक आहे वहिनी. तेविसावं काम काकांचं नाही."

"चहा टाकते," म्हणून मी आत गेले. चहा काही टाकला नाही, नुसती ओट्याशी उभी राहिले. कान तापले होते. थोड्या वेळाने बाईच आत आल्या. एक कोरी चकती पुढे धरली. म्हणाल्या, "बळजबरी नाही. ऐकायचं असेल तरच."

मी हिसकावूनच घेतली म्हणा ना. कानामागे लावली आणि तोऱ्यात म्हटलं, "सड्यावरच्या गेंदाचं बघणे."

पडद्यावर डोंगर उठला. केवढा तो! ह्यांच्या तीस कामांतला एकही तेवढा नव्हता. पण मला गुदगुली झाली नाही, दोन मिनिटं त्रास कमीही वाटला नाही. मी थांबून राहिले. "मग? हिला काय झालं?"

"ही वेगळी लहर आहे वहिनी. कंटाळ्याची नाही, भीतीची आहे. हिला चकती हात लावत नाही. आम्ही तशी बनवलीच नाही. कंटाळा ढकलला तर माणसाचं काही बिघडत नाही. भीती ढकलायला लागलो तर उद्या कुणी उघड्या तारेला हात लावील. भीती कशाची आहे ते ज्याचं त्यालाच बघावं लागतं."

"तीस वर्षं ॲसिडच्या बाटल्या हाताळतेय मी," मी म्हटलं. "मला कसली भीती?"

त्या वाद घालत बसल्या नाहीत. चकती परत घेतली, ह्यांचं ब्लडप्रेशर तपासलं आणि गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "येते हं." 

कसली भीती ते मला चांगलं ठाऊक होतं. पहिल्याच वर्षी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मी ते रोप बरणीतून नेलं होतं. कुठल्याशा कॉलेजचे एक प्राध्यापक परीक्षक होते. त्यांनी बरणी हातातही घेतली नाही. म्हणाले, "बाई, हे गवत आहे. शाळेत बरण्या धुता ना तुम्ही? ज्याचं काम त्याने करावं." सात-आठ शिक्षक उभे होते, सगळे हसले. आमचे सरही हसले. मीही हसले, तेच मला जास्त लागलं. घरी येताना एसटीत खिडकीकडे तोंड करून रडले होते. पत्र पाठवायचं म्हणजे पुन्हा कुणाला तरी विचारायचं. आणि तो पुन्हा म्हणाला, गवत आहे, तर?

संध्याकाळी हे पडवीत सुपारी कातरत बसले होते. मला बघितल्यावर त्यांनी आधी कानामागची टिकली काढून ताटलीत ठेवली. "हे मी बोलतोय, टिकली नव्हे," म्हणाले.

"बोला."

"मला माहीत होतं."

"काय?"

"की तू घाबरतेस. प्रदर्शनाहून आलीस त्या दिवशीच कळलं. तू काही बोलली नाहीस, मी विचारलं नाही. मग मायक्रोस्कोप आणलास, स्क्रू मोडका. मी म्हटलं, असू दे मोडका. मोडका आहे तोवर तिच्याकडे लोकांना सांगायला काहीतरी आहे. दुरुस्त केल्यावर ही काय सांगणार?"

मी म्हटलं, "खोटं बोलताय."

"अर्धं खोटं," हे म्हणाले. "अर्धा कंटाळाच होता. पण अर्धं खरं आहे गं."

मला हसू फुटलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणी आलं. अकरा वर्षं मी ह्या माणसाला गावभर बदनाम केलं आणि ह्याने ते मुकाट्याने अंगावर घेतलं. त्यांचा हात धरला मी. पडवीत, रस्त्यावरून दिसेल असा. ह्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला.

"आता मी काय करू?" मी विचारलं.

"मला विचार. टाळायचं कसं ते माझ्याइतकं कुणाला कळतं? आपण काम बघत नाही, त्याचा शेवट बघतो. तू पत्राचं उत्तर बघतेस. उत्तर बघू नको. उद्या नुसती वर चल. वही घ्यायची नाही, काही तोडायचं नाही. डबक्यापाशी बसायचं आणि परत यायचं."

"आणि त्याने काय होणार?"

"काही नाही. म्हणून तर तू येशील."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही स्कूटरवरून वर गेलो. ऊन पडलं होतं. डबक्याच्या काठाला राखाडी बोंडं माना टाकून पाण्याला टेकली होती. आम्ही खारे दाणे खाल्ले आणि आलो. त्याच्या पुढच्या दिवशी हे म्हणाले, एकच रोप. मी एक रोप आणलं. तिसऱ्या दिवशी, एकच बी. माडीवर खिडकीशी बसून मी बी भिंगाखाली ठेवलं, ह्यांनी कातलेला स्क्रू फिरवला आणि बी एकदम स्पष्ट झालं. अंगावर आडव्या ओळींत बारीक पांढरे केस, एक ओळ सोडून एक. पुस्तकातल्या एकाही गेंदाचं बी असं नव्हतं. मी वरून ह्यांना हाक मारली ती इतक्या मोठ्याने की शेजारीण धावत आली.

पत्राच्या दिवशी मात्र मी पुन्हा अडले. सावंतवाडीला प्रसन्न गवस म्हणून एक संशोधक सड्यांवरच्या वनस्पतींवर काम करतात, हे मला कधीचं माहीत होतं. हे म्हणाले, "आज नुसतं 'स. न. वि. वि.' लिही आणि ऊठ."

मी 'स. न. वि. वि.' लिहिलं. उठले नाही. दोन पानं झाली. चित्र, फोटो, अकरा वर्षांच्या तारखा, सगळं जोडलं. चोवीस सप्टेंबरला फोनवरूनच पाठवून दिलं आणि फोन पिठाच्या डब्यात ठेवून आले. उगीचच. सकाळी पिठातला फोन पुसून शाळेत गेले.

साडेअकराला प्रयोगशाळेत फोन वाजला.

"उज्ज्वलाताई शिवलकर? मी प्रसन्न गवस. ताई, हे बी तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"हो."

"ओळ सोडून ओळ केस?"

"हो. का? चुकलंय का काही?"

"नाही चुकलं. ताई, हे रोप मी तीन वर्षांपूर्वी नोंदवलंय. त्याला नाव दिलंय, प्रसिद्धही झालंय."

मी स्टुलावर बसले. म्हणजे गवत नव्हतं. खरंच नवीन होतं, मला दिसलं तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मी आठ वर्षं पुढे होते. आठ वर्षं! एक पत्र! दुखलं, फार दुखलं. ते खोटं कशाला सांगू? "छान झालं," एवढंच कसंबसं म्हटलं.

"ताई, ऐका ना. मला ते एकाच जागी मिळालं होतं. ती जागा दोन पावसाळ्यांपूर्वी रस्त्याखाली गेली. तेव्हापासून मी सगळे सडे फिरतोय. मला वाटलं, संपलं." त्यांनी घाईने विचारलं, "तुमच्याकडे किती आहेत?"

"यंदा मोजली नाहीत. गेल्या वर्षी चारशे बारा होती."

पलीकडे किल्ल्या खुळखुळल्या. मग म्हणाले, "मी आत्ता निघतो."

तीन वाजता ते सड्यावर होते. तिशीतला सडपातळ माणूस, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून डबक्यात उतरला आणि ओणवा होऊन बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, तुम्ही तिकडून मोजा, मी इकडून मोजतो." चारशे अडतीस भरली. एकोणतीस तारखेला आम्ही हरकतीचा अर्ज दिला. त्याच आठवड्यात चाचणी संपली, ह्यांची टिकली परत गेली. वईचं एक टोक तेवढं सुटलंय, ते अजून बघायचं आहे.

सुनावणी ऑक्टोबरच्या सात तारखेला, तहसील कार्यालयात झाली. अधिकारी पन्नाशीचे, चष्मा कपाळावर सरकवलेले. गवसांनी रोपाचं महत्त्व सांगितलं. मग प्रकल्पाच्या बाजूचे गृहस्थ उठले. आवाज शांत, पण बोलणं नेमकं. "साहेब, या बाई म्हणतात की अकरा वर्षं त्यांना हे रोप माहीत आहे. अकरा वर्षांत एक पत्र नाही, एक नोंद नाही. आमचा प्रकल्प आला आणि शेवटच्या आठवड्यात रोप सापडलं. वहीत मागच्या तारखा घालायला कितीसा वेळ लागतो?"

 अधिकाऱ्यांनी माझी वही चाळली आणि वर बघितलं. "बाई, प्रश्न रास्त आहे. इतकी वर्षं का नाही सांगितलंत?"

मला कळलं की सगळं ह्याच्यावर अडलंय. वहीवर विश्वास बसला नाही तर डबकं गेलं, आणि जगातलं शेवटचं ते रोपही गेलं.  तेवढ्यात शेजारी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हे उठून उभे राहिले होते.

"साहेब, चूक माझी आहे," हे म्हणाले. "हिचा मायक्रोस्कोप मोडला होता. मी मेकॅनिक, पण दुरुस्त करायला मी उशीर केला. गावात कुणालाही विचारा, माझा स्वभावच तसा."

आणि खरंच, विचारलं असतं तर सगळं गाव हेच म्हणालं असतं. मीच सांगून ठेवलं होतं ना! साहेबांना ते पटलंही असतं. कागदावर ते शोभण्यासारखं कारण होतं.

"अहो, बसा तुम्ही," मी म्हटलं आणि उठले. "साहेब, मायक्रोस्कोपचं काही नाही. मायक्रोस्कोप शाळेतही होता, तिथे मी रोज सात तास असते. मी घाबरत होते. एकदा दाखवलं होतं तेव्हा हसले मला. पुन्हा हसतील म्हणून अकरा वर्षं कुणाला सांगितलं नाही. दर वर्षी जाऊन मोजत मात्र होते. दुसरं काही कारण नाही."

पूर्ण बोलले. ह्यांनी खाली बसता बसता माझ्याकडे पाहिलं. गवस जमिनीकडे बघत होते.

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. वहीचं एकेक पान उलटलं. एका पानावर चहाचा डाग होता, एकावर नातेवाइकांच्या लग्नाचा मुहूर्त लिहिलेला, एका वर्षी पेन संपलं म्हणून अर्ध्यात पेन्सिल. सगळं सावकाश बघितलं. मग त्या प्रकल्पाच्या गृहस्थांना म्हणाले, "खोटं रचणारा माणूस स्वतःला जरा बरं दाखवतो हो." आणि उत्तरेकडची चार एकर जागा सोडून पट्ट्या दक्षिणेला घ्याव्यात असं त्यांनी तिथेच लिहायला घेतलं. गृहस्थांनी नकाशा बघितला, दक्षिणेला जागा होती, त्यांनीही मान हलवली.

आम्ही बाहेर आलो. गवस कुणाला तरी फोनवर ओरडून सांगत होते. हे मला पायरीवर बसवून समोर उभे राहिले, कमरेवर हात ठेवून.

"काय गं हे? मी सगळं अंगावर घेतलं होतं की. सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती?"

"मग काय," मी म्हटलं. "माझी भीती तुमच्या नावावर किती वर्षं खपवायची?"